सायलेंट म्हणजे गप की मुका?

द्वितीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन

आधीच एक कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. छत्रपती संभाजीनगरला मावशीकडे राहून. घर मात्र सिल्लोडचं, त्यामुळे बोलायची मराठी पक्की आणि लिहायची कच्ची! मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषयही काही फार मोठा नाही. फोन सायलेंटवर ठेवला असताना अलार्म वाजावा की वाजू नये, एवढाच.

हसलात ना? मीही हसले असते. पण फेब्रुवारीतली ती संध्याकाळ हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांच्या लक्षात असेल, आणि 'ती कोंबडावाली मुलगी कोण' हा प्रश्नही अजून कोणाकोणाला पडत असेल. तर ती मी.

आपल्या मेसचे मामा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मेसच्या हॉलमध्ये शोकसभा होती. रात्री आठ वाजता. प्रिन्सिपल सर आले होते, दोन्ही हॉस्टेलचे रेक्टर होते, वर्कशॉपचे आणि ऑफिसचे बहुतेक सगळे लोक होते. मामी आणि त्यांचा मुलगा पुढच्या रांगेत बसले होते. मी आत शिरतानाच फोन सायलेंटवर टाकला. एकदा नाही, दोनदा बघितलं. घंटेवर काट मारलेली दिसली, निर्धास्त झाले. दोनतीन जण बोलले, मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. इतका शांत मेसचा हॉल मी कधीच ऐकला नव्हता, भांड्यांच्या आवाजाशिवाय. आणि त्या शांततेत माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबडा आरवला.

रिंगटोन नव्हे, अलार्म. कोंबड्याचा आवाज मीच हौसेने लावलेला. फोन बाहेर काढला, घाबरून दिसेल ते बटण दाबलं, बंद झाला. वाटलं, सुटले. पण ते बटण स्नूझचं होतं. पाच मिनिटांनी प्रिन्सिपल सर मामांबद्दल बोलत असताना कोंबडा परत आरवला, आणि मग मात्र मी सरळ हॉलच्या बाहेर पळाले.

तो अलार्म सव्वाआठचा होता. रोजचा. तो का होता हे सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी मी लायब्ररीत बसले की जेवायचं विसरायचे. मेस साडेआठला बंद. मामा माझं ताट झाकून ठेवायचे, असं चारपाच वेळा झालं. मग एकदा ते म्हणाले, "ताई, एवढा महागाचा फोन घेतलाय, त्यात गजर लावता येत न्हाई का?" म्हणून मी लावला. नाव दिलं 'जेवण'. सभेला जाताना ह्या अलार्मची आठवणसुद्धा झाली नाही, कारण रोज वाजणारी गोष्ट आपण लक्षात ठेवतच नाही, ती वाजते म्हणून तर आपण विसरू शकतो.

मला कोणी रागावलं नाही. मामींनी मागे वळून फक्त पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री आमच्या विंगमध्ये जेवण झाल्यावर ह्याच विषयावर वाद. माझं म्हणणं एकच: "सायलेंट म्हणजे सायलेंट! बटणावर एक लिहायचं आणि वागायचं भलतंच, ही कसली इंजिनिअरिंग?" रूममेटचं म्हणणं होतं की मग तिचं सकाळचं लेक्चर रोज बुडेल, कारण ती फोन चोवीस तास सायलेंटवर ठेवते. एक मुलगी म्हणाली, व्हायब्रेटवर पण वाजतो का गं? दुसरी म्हणाली, आयफोनवर नसेल वाजत, एवढे पैसे घेतात तर! मग काय, वाद नको म्हणून विंगमधले सगळे फोन एका पलंगावर ओळीने मांडले, प्रत्येकात दोन मिनिटं पुढचा अलार्म लावला, आणि ट्रायल सुरू. (रेक्टर मॅडम, रात्री साडेअकराला तो जो गोंगाट झाला त्याचं कारण हे. एक्सपेरिमेंट होतं.)

सायलेंटवर: सगळे वाजले. महागाचा, स्वस्तातला, आयफोन, सगळे. व्हायब्रेटवरही सगळे वाजले. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून: तेही वाजले, पण सेटिंगमध्ये खोल गेलं तर अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये 'अलार्म' असा एक वेगळा खटका सापडला. तो बंद केला की फोन खरोखर मेला, स्क्रीन उजळली पण आवाज नाही. इयरफोन लावून ठेवले तरी अलार्म कानात आणि बाहेर, दोन्हीकडे वाजला. ही गोष्ट मला माहीतच नव्हती! आयफोनमध्ये रिंगचा आवाज खाली आणला तर अलार्मही हळू वाजला, म्हणजे सायलेंट करून वाजतो आणि आवाज कमी करून पुटपुटतो. एकीने अलार्मचा टोनच 'काही नाही' असा निवडून ठेवला होता आणि सेमिस्टरभर तक्रार करत होती की फोन बिघडलाय. असो.

फोन पूर्ण बंद केला तर? पलंगावरचा एकही वाजला नाही. इथे आमच्या विंगच्या ताई, ज्या झाडायला येतात, त्यांनी दुसऱ्या दिवशी ऐकून एक गोष्ट सांगितली, की त्यांच्या जुन्या नोकियाचा अलार्म फोन बंद असला तरी वाजायचा. आम्हाला खरं वाटेना. मग वाचलं, आणि खरंच तसं होतं. नोकिया ११००, २००३ साली आलेला, पुढे टॉर्च असलेला तो दगडासारखा फोन. तो बंद करून ठेवला तरी वेळ झाली की आपणच चालू व्हायचा आणि वाजायचा. आपल्या ब्रँचच्या लोकांसाठी सांगते: प्रत्येक फोनमध्ये एक छोटं रिअल टाइम क्लॉक असतं, साधारणपणे ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारं. दोनाचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद मिळतो. बाकी सगळा फोन झोपला तरी हे घड्याळ जागं असतं, आणि अलार्मची वेळ झाली की तेच प्रोसेसरला ढोसून उठवतं. जुन्या नोकियात ते आख्खा फोनच उठवायचं. आजचे बहुतेक स्मार्टफोन बंद झाले की अलार्मच्या बाबतीतही बंदच. प्रगती!

मग सायलेंटमध्ये वाजतो कसा? कारण फोनमध्ये 'आवाज' नावाची एक गोष्ट नसतेच. अँड्रॉइडमध्ये रिंगचा एक स्ट्रीम, नोटिफिकेशनचा एक, गाण्यांचा वेगळा आणि अलार्मचा वेगळा. जणू एकाच मेनवरून चार सर्किट काढलीत आणि प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी. सायलेंटचं बटण रिंगचा आणि नोटिफिकेशनचा एमसीबी पाडतं, अलार्मच्या लाइनला हात लावत नाही. म्हणूनच काही वेळा उलटंही होतं. कुठलंतरी फुकटचं अलार्मचं ॲप टाकलं आणि ते अलार्म गाण्यांच्या लाइनवरून वाजवत असेल, तर रात्री रील्स बघून आवाज शून्यावर नेला की सकाळी सामसूम. आयफोनमध्ये तर बाहेरच्या ॲपना सायलेंट भेदून अलार्म वाजवायची सोय कंपनीने २०२५ साली, आयओएस २६ मध्ये दिली. तोपर्यंत तो मान फक्त त्यांच्या स्वतःच्या घड्याळाला होता.

म्हणजे हा बिघाड नाही, हे ठरवून केलेलं आहे. कोणीतरी बसून विचार केला की कॉल दुसऱ्याच्या मर्जीने येतो आणि अलार्म माझ्या मर्जीने, म्हणून सायलेंटने दुसऱ्यांना गप करावं, मला नाही. हे ऐकायला पटतं. पण मेसच्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर पटत नाही, कारण तिथे मी फोन सायलेंट केला तो माझ्यासाठी नव्हताच. आजूबाजूच्या लोकांसाठी होता.

ह्यात मी एकटी नाही, हे नंतर शोधताना कळलं आणि (वाईट आहे, पण) जरा बरं वाटलं. १० जानेवारी २०१२ला न्यूयॉर्कमध्ये एव्हरी फिशर हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा कार्यक्रम चालू होता. गुस्ताव माहलर नावाच्या संगीतकाराची नववी सिंफनी. तिचा शेवट म्हणे इतका हळू होत जातो की संगीत कुठे संपलं आणि शांतता कुठे सुरू झाली ते कळू नये. नेमक्या त्या शेवटाकडे जाताना पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांचा आयफोन वाजायला लागला. मरिंबा टोन, थांबेचना. कंडक्टर ॲलन गिल्बर्ट ह्यांनी ऑर्केस्ट्रा थांबवला. लोक ओरडायला लागले. त्या गृहस्थांना कंपनीने आदल्याच दिवशी जुना फोन बदलून आयफोन दिला होता. त्यांनी तो सायलेंट केला होता, आणि त्यात अलार्म लागलेला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नंतर त्यांनी गिल्बर्टना फोन करून माफी मागितली आणि ती मिळाली. माणूस वर्षानुवर्षं कार्यक्रमांना येणारा, म्हणजे बेफिकीर नव्हे. त्यानंतर अमेरिकेत अगदी हाच वाद झाला: सायलेंटने अलार्म बंद व्हावा की नाही? दोन्ही बाजूंनी मोठमोठे लोक भांडले. बटण मात्र जसं होतं तसंच राहिलं.

आपल्याकडेही नाटकवाल्यांना विचारा. २०१९ साली सुबोध भावे ह्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की प्रयोगात सारखे मोबाइल वाजणार असतील तर नाटकात काम न केलेलं बरं. तिथली तक्रार मुख्यतः कॉलची, ते मान्य. पण तिसऱ्या घंटेच्या आधी जी सूचना होते ती आठवा: 'आपले मोबाइल बंद किंवा सायलेंट करावेत.' ती ऐकून अगदी आज्ञाधारकपणे सायलेंट करणाऱ्याचाही फोन वाजू शकतो, आणि त्या बिचाऱ्याला वाटत राहतं की मी तर नियम पाळला! नियमच अर्धा आहे.

तर फेब्रुवारीत माझं मत पक्कं झालं होतं. सायलेंट म्हणजे सगळं बंद. फोन बनवणारे चुकले, मी बरोबर. आणि हे मत घेऊन मी मे महिन्यात सुट्टीला घरी गेले.

आमचं शेत सिल्लोडहून भराडीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. ते तात्या बघतात, माझे मोठे काका. आमच्या भागात उन्हाळ्यात मिरची लावतात, म्हणजे पावसाळ्यात हिरवी मिरची बाजारात येते. सिल्लोडच्या मिरचीचं नाव तुमच्यापैकी ज्यांनी आमच्याकडून अजिंठ्याला जाताना रस्त्याकडेला मिरचीच्या गोण्यांचे ढीग बघितलेत त्यांना सांगायला नको. मे महिन्यात रोपं नुकती लागलेली असतात, खाली मल्चिंगचा कागद, ड्रिप, आणि वरून ऊन म्हणजे तवा. पाणी चुकवून चालत नाही. आता पाणी काही आपल्या सोयीने देता येत नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्यात आमची विहीर सामाईक. दोन रात्री तात्यांची पाळी, मग दोन रात्री शेजारच्या भाऊबंदांची. त्या आठवड्यात लाइट रात्री बाराला येत होती आणि तात्यांची दुसरी पाळी होती. स्टार्टरला ऑटो स्विच लावला तर मोटर आपोआप चालू होते हे मला माहीत आहे, मीही त्यांना तेच शहाणपण शिकवायला गेले होते. तात्या म्हणाले, विहिरीला पाणी किती आहे ते स्विचला कळतं का? मोटर कोरडी चालली तर जळते, आणि व्हॉल्व्ह बदलायला माणूस लागतोच. म्हणून तात्या रोज पावणेबाराचा अलार्म लावून झोपायचे. स्मार्टफोन, मुलाने दिलेला.

गावात सप्ताह चालू होता. आदल्या दिवशी कीर्तनात तात्यांचा फोन वाजला होता, डीजेसारखा, आणि महाराजांनी कीर्तन थांबवून भर मंडपात विचारलं होतं की कोणाचा हा गजर? सगळा मंडप हसला. (गजर हा शब्द मला लहानपणी फक्त हरिनामाचाच माहीत होता. घड्याळाला पण गजर म्हणतात हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं घड्याळात टाळ असतात! इंग्रजी अलार्म तरी कुठून आला, तर इटालियनमधून, त्याचा मूळ अर्थ 'शस्त्रं घ्या' असा. आपला शब्द जास्त चांगला.) तर तात्या वरमले होते. दुसऱ्या दिवशी कीर्तनाला निघताना फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, ह्याला जरा गप कर. आज वाजला तर महाराज मला उठवून लावतील."

गप करायचं म्हणजे काय, ते माझ्याइतकं हॉस्टेलात कोणाला ठाऊक होतं? मी मोठ्या उत्साहाने डू नॉट डिस्टर्ब लावलं, आत आत गेले, आणि शेवटी तो 'अलार्म'चा खटकासुद्धा बंद केला. मनात मेसचा हॉल. माझ्या तात्यांची अशी फजिती होऊ द्यायची नाही, बस्स. त्यांना अलार्म लागलेला आहे का, हे मी विचारलं नाही. रोज वाजणारी गोष्ट, त्यांनीही सांगितली नाही.

कीर्तन अकराला संपलं. फोन एकदाही वाजला नाही. तात्या माझ्यावर खूश होऊन शेतावर गेले आणि बाजेवर झोपले. पावणेबाराला फोन उजळला असेल आणि विझला असेल. त्यांना जाग आली ती पहाटे पाचला, गाय हंबरली तेव्हा. लाइट येऊन पाच तास झाले होते. धावत जाऊन मोटर चालू केली, जेमतेम एक व्हॉल्व्ह झाला असेल नसेल, तोवर लाइट गेली. पुढच्या दोन रात्री भाऊबंदांच्या. त्यांच्याकडे एक रात्र मागायला तात्या गेले नाहीत, विहिरीवरून आधीच बोलाचाली झालेली होती आणि मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तीन दिवसांनी वरच्या पट्ट्यातल्या बऱ्याच रोपांनी माना टाकल्या होत्या. नर्सरीतून रोपं आणून नांग्या भराव्या लागल्या. मी पण दोन दिवस भरल्या, पाठ मोडेपर्यंत. रोपाचे पैसे मी द्यायला निघाले तर तात्यांनी घेतले नाहीत.

नांग्या भरताना मी त्यांना समजावून सांगत होते, की ती सेटिंग अशी असते, तो स्ट्रीम वेगळा असतो, मी तो बंद केला, चूक माझी. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं माय, मी त्याला गप कर म्हणलो होतो. मुका कर नव्हतं म्हणलो."

मला वाटतं ह्या विषयावर इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही. गप माणूस बोलू शकतो, वेळ आली की बोलतो. मुका बोलूच शकत नाही. फोनचं सायलेंट बटण हे गप करणारं आहे आणि ते तसंच असावं, असं माझं आता मत आहे. फेब्रुवारीतलं मत मी मागे घेते.

परत आल्यावर हे मी आपल्या डिपार्टमेंटमधल्या एका सरांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे लेबलवर एक आणि आऊटपुट वेगळं, हे तू डिफेंड करते आहेस? व्हायव्हाला असं उत्तर दिलंस तर मी मार्क देणार नाही." सरांचा मुद्दा खोटा नाही. ज्याला आतलं काही माहीत नाही तो बटणावर विश्वास ठेवतो, आणि त्याचा विश्वास मोडतो. न्यूयॉर्कच्या त्या गृहस्थांची चूक काय होती? काहीच नाही. पण सर, चूक दोन्हीकडून होणारच असेल तर कुठली चूक परवडते ते बघावं लागतं. नको तिथे वाजला तर लाज जाते, आणि इतरांचा एक क्षण जातो जो परत येत नाही. हे लहान नाही, मामींचं ते पाहणं मी विसरलेले नाही. पण हवा तिथे वाजला नाही तर? रात्रपाळीच्या नर्सला उठायचं असतं. कोणाची इन्सुलिनची वेळ असते. कोणाची पहाटे साडेचारची एसटी आणि दहाला पेपर. तिथे माफी मागायला फोन कोणाला करायचा? आणि मुख्य म्हणजे वाजलेला अलार्म निदान कळतो तरी, न वाजलेला वेळ निघून गेल्यावरच कळतो.

हे घडलेलंही आहे. १ आणि २ जानेवारी २०११ला आयफोनचे एकदाच वाजायचे म्हणून लावलेले अलार्म जगभर वाजलेच नाहीत. ३ तारखेला आपोआप नीट झाले. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी किती जण कामाला उशिरा पोचले असतील! २०२४च्या एप्रिलअखेरीसही आयफोनचे अलार्म आवाज न करताच निघून जातात अशा तक्रारी आल्या, आणि कंपनीने ते मान्य करून दुरुस्ती चालू असल्याचं सांगितलं. सायलेंटमध्ये अलार्म वाजला म्हणून कोणी कंपनीकडून असं कबूल करून घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. लोकांनाही आतून कुठेतरी कळतं की कुठली चूक मोठी.

सरकारनेही हेच धरलंय. जुलै २०२३ पासून आपल्याकडे आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली ती आठवते? मी बारावीला होते. क्लासमध्ये सगळ्यांचे फोन दप्तरात, सायलेंटवर, आणि एकदम सगळी दप्तरं किंचाळायला लागली. सर खडू टाकून दारापर्यंत पोचले होते. पूर आला तर फोनने 'तुम्ही सायलेंटवर होतात म्हणून सांगितलं नाही' असं म्हणून चालेल का?

मग मेसच्या हॉलचं काय? तिथे खरंच मुका फोन लागतो, तासाभरासाठी. तर मुका करायची सोय असावी, पण ती आज जशी सात पायऱ्या खाली पुरलेली आहे तशी नको, आणि गुपचूप तर अजिबात नको. मी सायलेंट दाबलं की फोनने एकच ओळ दाखवावी: 'सव्वाआठला जेवणाचा अलार्म आहे, तो वाजेल.' बस. मला हवं तर मी तेवढाच एक बंद करीन, आणि उद्या तो परत वाजेल. तात्यांचा फोन घेऊन मी तो खटका पाडत होते तेव्हा जर स्क्रीनवर 'पावणेबाराचा अलार्म वाजणार नाही' असं आलं असतं, तर मी नक्की ओरडून विचारलं असतं, "तात्या, हा कशाचा हो?" फोनला दोन्ही गोष्टी माहीत होत्या, सायलेंटही आणि अलार्मही. त्याने त्या शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या नाहीत इतकंच. हे करायला मोठा प्रोसेसर लागत नाही. आपल्यापैकी कोणीतरी उद्या हे सॉफ्टवेअर लिहिणार आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

जाता जाता हॉस्टेलचं एक गाऱ्हाणं, कारण अलार्मवर लिहिलं आणि हे लिहिलं नाही तर विंगमध्ये मला जेवायला देणार नाहीत. अलार्म सायलेंटमध्ये वाजावा असं मी म्हणते ते अलार्म लावणाऱ्याच्या भरवशावर. साडेचार, चार चाळीस, चार पन्नास, पाच असे चार अलार्म लावायचे, फोन चार्जिंगला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, आणि स्वतः साडेसातला उठायचं, ह्याला अभ्यास म्हणत नाहीत. शनिवारी घरी जाताना जुना फोन कपाटात कुलूप लावून आत ठेवून जाणारीला तर काय म्हणावं! रविवारी सकाळी कपाट पाऊण तास वाजत होतं. नाव लिहीत नाही, तिने तीन वेळा चहा पाजलाय.

तात्यांनी आता एक साधा बटणांचा फोन घेतलाय, फक्त अलार्मसाठी. तो बाजेशेजारच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला असतो. त्यात सिम नाही, त्यामुळे तो कीर्तनाला नेत नाहीत आणि त्याला गप करायची वेळच येत नाही. माझा सव्वाआठचा अलार्म मी काढलेला नाही, नावही तेच आहे. फक्त कोंबडा बदलला.

आणि रेक्टर मॅडमना मी एक विनंती केली होती, की हॉलमध्ये कार्यक्रमाच्या आधी जी सूचना होते त्यात 'मोबाइल सायलेंट करा' ह्याच्यापुढे 'आणि अलार्म बघा' एवढे तीन शब्द घालावेत. मॅडमनी घातले. पहिल्यांदा ती सूचना झाली त्या दिवशी हॉलमध्ये निम्म्या लोकांनी फोन परत बाहेर काढला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या त्याच सरांनीही काढला, बघितला, आणि पटकन काहीतरी बंद केलं.